तीन निळे ठिपके

उस्मानपुऱ्यातल्या शाळेत दीपमालाबाई वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. भुताखेताचं नाव काढलं की पोराला वर्गाबाहेर उभं करायच्या. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हाही रडणं राहिलं बाजूला, बाईंनी टिपून घ्यायला वही काढली.

रेडिएशनचे शेक सुरू करण्याआधी दवाखान्यातल्या मुलीनं नेम धरायच्या खुणा म्हणून ओटीपोटावर सुईनं तीन निळे ठिपके टोचले.

"गोंदणच समजा मॅडम, जन्मभर जायचं नाही. फक्त तिथं साबण लावू नका."

पंचवीस शेक झाले. गाठ गेली, पण आतडी भाजून निघाली. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, "आतले चांगले जिवाणूच मेलेत. निरोगी माणसाच्या विष्ठेतले सोडून बघू. प्रयोगच आहे, सांगून ठेवतो."

घरात निरोगी म्हणजे एकोणीस वर्षांची श्रेया. पोरगी हसत सुटली. "लहानपणी माझं लई धुतलंस ना, आई? घे आता परत!"

तिच्या तपासण्या झाल्या. तिच्या विष्ठेतले जिवाणू नळीवाटे आईच्या पोटात गेले. आठव्या दिवशी बाईंनी अख्खी भाकरी खाल्ली. अख्खी! नवरा, बद्रीनाथ, रिकाम्या ताटाकडं बघून रडला. बाईंना मात्र काहीच वाटलं नाही. आनंद व्हायला हवा, एवढं कळत होतं.

त्याच आठवड्यात श्रेयानं ताट सरकवलं.

"पोटात आग होतीय गं."

तिचे सगळे रिपोर्ट साफ आले. डॉक्टर म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल. इकडं बाईंच्या अंगावर मांस चढत होतं, तिकडं पोरीच्या गालाची हाडं वर येत होती.

"जिवाणूंचा दुसरा डोस मी घेणार नाही," बाई म्हणाल्या.

"खुळी का काय तू?" बद्रीनाथ चिडला. "आत्ता कुठं सुधरतीयस!"

पण त्यांनी घेतला नाही. पोर तरी वाचू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रविवारी अंघोळ करताना त्यांची नजर पोटावर गेली. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

ठिपके नव्हते. कातडी कोरी होती.

नंतर श्रेया अंघोळीला गेली. बाईंनी साबणाची नवी वडी नेऊन दार वाजवलं. दार किलकिलं झालं. वाळका हात बाहेर आला आणि त्यानं वडी त्यांच्याकडंच परत सारली.

"नको आई. तिथं साबण लावायचा नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

आतलं पाणी बंद झालं.

"सोळा शेक झाले की गं," श्रेया म्हणाली. "नऊच राहिलेत."