बोटभर आत, बोटभर बाहेर

“ताई, तिसरा पाव घेऊ?” काडीनं विचारलं, आणि उत्तराची वाटही न पाहता त्यावर लोण्याचा असा जाड थर चढवला की समोर उकडलेल्या कोबीशी झुंजणाऱ्या ताईच्या काळजावरून सर्रकन सुरी फिरली!

खाते राक्षसासारखी आणि दिसते काडीसारखी... देवा, हा कुठला रे तुझा न्याय?

धाकटी शाळेत खेळाची शिक्षिका होती. दिवसभर मैदानावर पळायची, शिट्ट्या फुंकायची, घरी येऊन डबे रिकामे करायची आणि तरी जोराचा वारा आला तर दार धरून उभी राहील अशी दिसायची! म्हणून तर तिचं नाव काडी. आणि ताई? आई गेली त्या वर्षी ताईनं कॉलेज सोडलं, आईचं शिलाई मशीन पुढ्यात ओढलं आणि त्याच्या खडखडाटावर धाकटीला वाढवलं, शिकवलं, मोठं केलं. बदल्यात तिच्या वाट्याला काय आलं? आखडलेली मान, ठणकणारी पाठ आणि छातीवरचं ते ओझं! आतल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल चर पडले होते, उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटून निघायची, आणि हे सगळं सांगायचं तरी कुणाला?

शेवटी मनाचा हिय्या करून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली होती.

“शस्त्रक्रियेनं स्तन लहान करता येतील,” त्या म्हणाल्या. “पण आधी थोडं वजन उतरवलंत तर भूल द्यायला सोपं, जखमही लवकर भरेल. वजनाबरोबर छाती किती उतरेल, हे मात्र सांगता येत नाही. कुणाची उतरते, कुणाची नाही. तशीच लगेच करायची म्हणालात तरी करू, धोका जरा जास्त. तुम्ही ठरवा.”

तुम्ही ठरवा! ताईनं ठरवलं, आधी वजन; शस्त्रक्रियेची तारीख पुढची घेतली. कुणाला न सांगता तिच्या मनानं एक वेडी आशाही धरली होती... न जाणो, शस्त्रक्रिया लागणारच नाही! न जाणो, एक दिवस आपणही काडीसारख्या...

आणि वजन उतरलं बरं का! गाल उतरले, मनगटं उतरली, बोटातली अंगठी सैल झाली. छाती तेवढी हट्टी भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली. नोटिशीमागून नोटीस, पण जागा सोडायचं नाव नाही!

त्यातच काडीच्या शाळेचा समारंभ आला. ताईनं तिच्यासाठी निळाशार ड्रेस शिवला, अगदी जीव ओतून. तो अंगावर चढवून काडी आरशासमोर उभी राहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “शी! हँगरला अडकवल्यासारखा दिसतोय. तुझं बरंय गं ताई, भरल्या अंगाला सगळं शोभतं!”

तुझं बरंय!!! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. काडी शाळेत गेल्यावर तिनं तो तयार ड्रेस उलटा केला, कमरेची टीप उसवली आणि दोन्ही बाजूंनी बोटभर आत नवी टीप मारली. टीप आली अगदी सरळ रेषेत.

“अगंबाई! ताई, चेनच लागत नाहीये!” संध्याकाळी ड्रेस चढवत काडी ओरडली.

“लागेल कशी? पाव कुणी हाणले? मी?”

किती गोड वाटलं तिला ते, क्षणभर! दुसऱ्या दिवसापासून काडीनं पाव बाजूला सारला आणि मुकाट्यानं ताईसमोर कोबी चिवडायला बसली. ताईला जिंकल्यासारखं वाटलं... आणि तरी तिनं आपलं ताट अर्धवटच बाजूला सारलं.

पण मग चमत्कारच झाला. एका सकाळी ताईचा राखाडी ड्रेस छातीवर सैल झाला. पाठोपाठ तपकिरी. भाडेकरू हलला! ताईनं हर्षानं थेट दवाखान्यात फोन केला, “तारीख रद्द करा. मला गरज नाही आता!”

मग पाठ अजून का ठणकत होती? खांदे संध्याकाळपर्यंत का जळत होते?

त्याचं उत्तर एका दुपारी मिळालं. राखाडी ड्रेसचा खिसा शिवायला तिनं तो उलटा केला आणि तिचा हात जागीच थांबला. बाजूची टीप उसवलेली होती. आत राखून ठेवलेलं कापड बोटभर बाहेर सोडलं होतं, आणि त्यावर नवी टीप होती... वाकडीतिकडी, रस्ता चुकलेल्या मुंग्यांसारखी. असं शिवणारं या घरात एकच माणूस होतं!

गळ्यातली शिट्टी काढायच्या आत तो ड्रेस काडीच्या अंगावर येऊन पडला.

“हे काय केलंस?”

काडीचा चेहरा पांढराफटक पडला. “तू आरशासमोर रडत होतीस गं... वाटलं, एकदा तरी हसशील. तू तारीखच रद्द करशील, हे मला काय माहीत! रोज सांगीन म्हणते, पण तोंड उघडत नाही.”

“खोटं हसू दिलंस मला! तुला काय कळणार? मला... मला तुझा हेवा वाटतो, ऐकलंस? जळते मी तुझ्यावर!”

“माहितीये.”

“काय माहितीये?”

काडी कपाटातून निळा ड्रेस घेऊन आली आणि तिनं आतली कड उजेडात धरली. जुन्या टिपेची बारीक भोकं तिथं रांगेनं तशीच होती.

“तूच शिकवलंस ना, टीप उसवली तरी कापडावर तिची भोकं राहतात. मला पहिल्याच दिवशी दिसलं.”

ताईच्या पायांखालची जमीन सरकली. “दिसलं? मग... पाव का सोडलास?”

“कारण तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की मी तुझ्या पुढ्यात बसून एकटी खातेय.” काडीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस, ताई. मी पाव सोडला तर काय मोठं?”

“काडे... माझी वेडी काडे...” ताईनं तिला ओढून घट्ट पोटाशी धरलं. इतक्या दिवसांची आग त्या आसवांत चरचर विझली!

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. “उतरायचं ते वजन उतरलंय, आणि टिकलंयही. आता उपाशी राहू नका. उरलेलं ओझं आमचं काम.”

शस्त्रक्रिया होऊन ताई दवाखान्यातून घरी आली तेव्हा काडीनं तिच्यासाठी स्वतः ड्रेस शिवला होता, पुढून उघडणारा, सैलसर. एक बाही लांब, एक आखूड.

“मेले, या बाह्या बघ!”

“उसवून देऊ?”

“खबरदार हात लावलास तर!”

ताई मशीनसमोर बसली. टाके अजून ओढत होते, पण पाठ ताठ होती आणि खांद्यांवर काही काही नव्हतं... किती हलकं, किती वेगळं! काडीनं दोन पाव आणून ठेवले. ताईनं आधी आपल्या पावाकडे पाहिलं, मग तिच्या.

“ए काडे! तुझ्या पावावर लोणी जास्त आहे.”

काडीनं डोळे पुसत पाव बदलून दिले.