एका पाण्यात दोघे

मोतीराम रामकिसन गव्हाणे, वय वर्षे सदुसष्ट. शिक्षण सातवी, परंतु वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात चौतीस वर्षे शिपाई असताना त्यांनी मराठी ग्रंथ समोर ठेवून माणसाचे हाडन् हाड पाठ केले होते. सुटी हाडे तारेत ओवून सांगाडा उभा करणे ही त्यांची विद्या, आणि कोणी काही सुचवले की मान ठामपणे डावीउजवीकडे हलवणे ही सवय.

दुष्काळाचे वर्ष होते. शहर फुलंब्रीच्या दिशेने पसरत चालले होते. नळाला पाणी मात्र दहा दिवसांनी येई. त्या रस्त्यावरच्या एका नव्या नर्सिंग कॉलेजने जुन्या अस्थींच्या दोन पेट्या त्यांच्या घरी धाडल्या. सोमवारी तपासणी समिती येणार, तोवर दोन सांगाडे उभे हवेत. अस्थी आधी धुवाव्या लागतात, आणि प्रत्येकाचे पाणी वेगळे, हा या कामातला नेम. घरात पाणी होते एक बादली. मोतीरामांनी दोन्ही पेट्या एकाच घंगाळात रित्या केल्या.

"अहो, दोघं एका पाण्यात नका घालू," त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या. "कोन कुनाचं, कसं कळंल?"

मान डावीउजवीकडे हलली. कॉलेजातल्या सायली मॅडमनी हाडांवर पेन्सिलीने खुणा करायला सुचवले, तेव्हाही हलली. चौतीस वर्षांत एक मणका चुकला नव्हता. म्हातारपणी तेवढेच नाव त्यांच्या गाठीशी होते.

रविवारची भर दुपार. हाडे धुऊन कॉलेजात नेलेली. वीज गेलेली, खिडक्या बंद, कॉलेजच्या दालनात नवा चुना आणि जुनी हाडे यांचा मिसळलेला वास. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या तारेचे शेवटचे टोक वळवून मोतीरामांनी दोन्ही सांगाडे टांगले आणि शिरस्त्याप्रमाणे पहिल्यासमोर हात जोडून विचारले, "सर्व यथास्थित आहे ना?"

कर्र...

कवटी सावकाश डावीकडे वळली. मग उजवीकडे.

मोतीरामांच्या पाठीवरून घामाची धार उतरली. तरीही, आपल्या कामाला नकार ऐकण्याची त्यांना सवय नव्हती.

"हे पाहा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पहिला मणका कड्यासारखा असतो. त्यावर कवटी खालीवर डोलते, तो होकार. दुसऱ्या मणक्याच्या खुंट्याभोवती ते कडे फिरते, तो नकार. दोन्ही सोयी केलेल्या आहेत. आपण... आपण पहिली वापरावी."

कवटीने प्रामाणिक प्रयत्न केला. हनुवटी तसूभर खाली आली आणि अडकली. तोच पाठीमागे दुसऱ्या सांगाड्याच्या मानेतून आवाज आला. कर्र... तिकडेही नकारच.

मोतीरामांनी बोट कवटीखाली घातले. तिथले दोन उंचवटे कड्याच्या खळग्यांत बसतच नव्हते. याचा पहिला मणका त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे.

"काका, झालं का? पाट्या लावू?" दारात सायली मॅडम उभ्या होत्या.

समितीला काही उमगले नसते. झाले, एवढे म्हटले की नाव शाबूत. परंतु दोन्ही कवट्या आता त्यांच्याकडे वळून थांबल्या होत्या.

"चूक झाली," मोतीराम म्हणाले. "माझ्या हातून."

हे शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघाले, त्यामुळे मॅडमना दोनदा विचारावे लागले. मग त्यांनी मोबाईलचा उजेड धरला. दोन तासांनी मणके आपापल्या धन्याकडे गेले. मोतीरामांनी पुन्हा हात जोडले. दोन्ही कवट्या हळूच डोलल्या.

"वारा आला वाटतं," मॅडम म्हणाल्या, आणि बंद खिडक्यांकडे न बघता बाहेर पडल्या.

घरी मनकर्णाबाई घंगाळाजवळ खोळंबल्या होत्या. तळाशी, गढूळ पाण्यात, एक मणका होता. मानेतला दुसरा, खुंट्याचा. दोन्ही सांगाड्यांच्या मानेत सात-सात मणके मोतीरामांनी स्वतः मोजून ओवले होते. हा कोमट होता.

"ह्यो तुमचाच राहिला व्हय?" मनकर्णाबाईंनी विचारले.

मोतीराम मान हलवायला गेले.

तेव्हापासून ते प्रत्येक हाडावर पेन्सिलीने आकडा घालतात. त्यांची मान खालीवर होते. डावीउजवीकडे होत नाही. मनकर्णाबाईंची काही तक्रार नाही.