सावलीचा परवाना

त्या काळी सावलीसुद्धा परवान्याने मिळत असे. अर्थात झाडाची नव्हे, ढगांची.

जहाजांच्या गंधकभरल्या काळ्या तेलावर बंदी यावी म्हणून डॉ. हेमांगी तांडेलने अर्धं आयुष्य वेचलं होतं. तिचे वडील जहाजाच्या इंजिनखोलीत राबून राबून, खोकत खोकत गेले होते. बंदी आली, धूर गेला. पण धुराबरोबर समुद्रावरचे पांढरे ढगही विरळ झाले आणि त्यांनी इतकी वर्षं अडवून धरलेलं ऊन एकदम अंगावर आलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मग सरकारने 'छायाजहाजं' काढली, म्हणजे तेच बदनाम तेल मुद्दाम जाळत समुद्रात येरझाऱ्या घालणारी जहाजं. त्यांचे मार्ग हेमांगीचं मंडळ मंजूर करी. खारोलीसमोरचा मार्ग मात्र तिने सही न करता ठेवून दिला होता. खारोली, किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, तिचं आजोळ होतं.

वैशाखात खबर आली की खारोलीकरांनी चोरून काळं तेल आणलं आणि किनाऱ्यावरच्या जुन्या चुनाभट्टीत पेटवलं. हेमांगी मुंबईहून तशीच निघाली. पोचली तेव्हा खाऱ्या वाऱ्याने सगळा धूर गावातच कोंडला होता आणि तिची हिरामावशी डोळे पुसत भट्टीपाशी उभी होती.

"मावशी, हे काय मांडलंय?"

"ढग बनवतोय गो. तुमची जहाजं बनवतात, तर आमची भट्टी का नाय बनवणार?" मावशीने वलांडीकडे, मासळी वाळत घालायच्या मांडवाकडे, हात केला. "बोंबील बघ. सुकत नाय, शिजतो!"

हेमांगीला हसू आलं. तिने मावशीला घरी नेऊन ओट्यावर बसवलं.

"धुराचा ढग होत नाही, मावशी. समुद्रावर ढग आधीच असतात, पण पातळ. गंधकाच्या धुराचे बारीक कण त्यांत शिरले की थेंब लहान होतात आणि पुष्कळ होतात. खडीसाखर कुटून पिठीसाखर केली की कशी पांढरीफेक दिसते? तसा तो ढग पांढरा होतो आणि ऊन माघारी पाठवतो. इथे किनाऱ्यावर नुसता धूर उरतो, तो छातीत जातो."

"मग समुद्रात जाळ ना. सही का करत नाय?"

"तिथूनही थोडा धूर वाऱ्याबरोबर गावात येणारच. म्हातारी माणसं उन्हातून वाचतील, पण कुणाच्या तरी लेकराची छाती भरेल. कुणाच्या, ते मला सांगता येत नाही."

मावशीची नजर घराकडे गेली. आत झोळीत तिची तान्ही नात निजली होती.

"गेल्या साली शेजारचा धाकू होडीतच उन्हाने गेला," ती म्हणाली. "सूर्याला कोण जाब विचारणार? आम्ही रडलो नि गप बसलो."

"तेच तर! सूर्याने नेलं तर नेलं. उद्या धुराने नेलं, तर ते मी नेलेलं असेल."

"म्हणून तुझे हात धुतलेले राहावेत नि आम्ही भाजावं?"

हे वर्मी लागलं. हेमांगीने मुंबईला परतून सही केली.

पुढच्या चैत्रात ती पाहणीला आली, तेव्हा खारोलीवर दुधासारखी मऊ सावली पसरली होती. वलांडीवर बोंबील खडखडीत वाळले होते. बायांनी तिची ओटी भरली. तिच्या मनावरचा दगड उतरला.

धुराने कुणाला त्रास होतोय का, हे पाहायला ती घरोघर फिरली. पहिल्या घरात कुणी खोकलं. "मिरच्या भाजल्या, त्याचा ठसका," घरधनीण घाईने म्हणाली. दुसऱ्या घरातही मिरच्याच. तिसऱ्यातही. मसाल्याचे दिवस होते, हेमांगीने मान डोलावली.

मावशीच्या घरी झोळी हलत होती. आतून बारीक, कोरडी खोकल्याची उबळ आली. हेमांगीने तो आवाज ओळखला. लहानपणी भिंतीपलीकडून तिने तो रोज ऐकला होता.

"मिरचीच गो," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली आणि झोळीला झोका देत राहिली. "तू सही मोडू नको."

हेमांगीने चुलीकडे पाहिलं. चूल थंड होती. दारातून समुद्राचा वारा येत होता आणि त्यात मिरचीचा वास कुठेच नव्हता.