पन्हाळ्याच्या वाटेवरची कोरडी बोअर

प्रश्न विचारायला शिकवायचं, आणि उत्तर अंगावर आलं की पाठ फिरवायची. असली माणसं भुतापेक्षा वाईट, पोरांनो. भूत निदान आपण आहोत एवढं तरी कबूल करतं.

हे घडलं आमच्या पिराजीच्या पुतणीच्या बाबतीत. कालिंदी तिचं नाव. एम.एस्सी.ची पोर, पाहिल्याशिवाय काही मानायची नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर बाळासोच्या रानात एक कोरडी बोअर आहे. तिच्या पाइपातून कधी वारा बाहेर यायचा, कधी आत ओढला जायचा. लोक म्हणत, बोअर श्वास घेते. बायका त्या रानात तण भांगलायला येईनात. कालिंदीनं गावाला शब्द दिला, "मी शोधून काढते. जे दिसेल तेच सांगीन."

तिचे राजवर्धन सर म्हणाले, सोपं आहे. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की खडकातली हवा वर येते, चढला की बाहेरची आत जाते. तिनं पाइपाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, शेजारी दाब मोजायचं यंत्र ठेवलं. आठवडाभर ताळा जमला. दाब उतरला, पिशवी फुगली. चढला, आत गेली.

शेवटच्या रात्री सर स्वतः आले. गेल्या साली, दत्तजयंतीची आदली रात्र.

"चहा आणलायस ना? मग भुतालाही दे घोटभर," म्हणून हसले.

मध्यरात्र उलटली. यंत्राचा काटा एका जागी खिळला. काय हसतोस मोहित? वारा नव्हता. उसाचं पान हलत नव्हतं.

पिशवी हलत होती.

फुगली... बसली. फुगली... बसली.

"सर," कालिंदी हळूच म्हणाली, "ती तुमच्या श्वासाबरोबर चाललीय. जरा रोखून बघा."

सरांनी श्वास रोखला.

पिशवी थांबली.

सोडला. फुगली.

पुन्हा रोखला...

थांबली.

सर तसेच उठले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि लांब गेला. पोर रानात एकटी.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गाव जमलं. सरांनी दाबाचं गणित झकास समजावलं. टाळ्या पडल्या. कालिंदी उभी राहिली.

"सर, आणि कालची रात्र?"

"काल मी कोल्हापुरात होतो," सर म्हणाले. तिच्याकडे न बघता. "ही एकटीच होती. घाबरली असेल पोर."

गाव हसलं.

ती भांडली नाही. पुन्हा दाखवीन, सगळ्यांना दाखवीन, म्हणत थेट बोअरवर गेली. पिशवी बांधली. संध्याकाळी आभाळ आलं, दाब उतरला. पिशवी लोंबत राहिली. सकाळी दाब चढला. तरी तशीच. दोरीला दगड बांधून आत सोडला, तो थेट तळाला लागला. मध्ये कुठे काही अडकलेलं नाही. आता सरांचा नियमसुद्धा लागू होईना.

बाळासो दुधाची किटली घेऊन आला. पिशवीकडे बघत राहिला.

"मामा, बंद पडली हो," कालिंदी म्हणाली.

"बंद कुठली, पोरी?" तो म्हणाला. "श्वास रोखून बसलीय."