चढले चोवीस

बालाघाटबाहेरच्या नावघाटावर १९९६ च्या पावसाळ्याअखेर एक नाव रेतीच्या ओट्यावर चढून उलटली आणि नऊ माणसं गेली. तो ओटा पाण्याखाली हातभर लपलेला. वरून वैनगंगा शांत दिसायची, चहाच्या रंगाची. चौकशी झाली, आणि हिवाळ्यात खात्याने रेती उपसायचं मशीन पाठवलं. देखरेखीला सब-इंजिनीअर गुणाकर.

गुणाकर मोजमापाचा माणूस. पाऊस किती पडला विचारलं, तर ‘बराच’ न म्हणता इंचात सांगणारा. तराफ्यावरचं मशीन दिवसभर धडधडे, जाड पाइपातून काळी रेती, शिंपले आणि कुजलेली लाकडं काठावर येऊन पडत. गुणाकर रोज सकाळी डोंगीतून बांबू टाकून खोली मोजी. बारा दिवसांत ओटा गेला.

तेराव्या दिवशी नदीच्या मधोमध बांबूला तळ लागला नाही. दोन बांबू जोडले. मग दोरीला लोखंड बांधून सोडलं. दोरी संपली. मशीनवाला दुलीचंद म्हणाला की पाइपातून आता रेतीचा कणही येत नाही, नुसतं पाणी येतं, आणि हात लावून बघा. गुणाकरने पाइपाच्या तोंडाशी हात धरला. पौषातल्या त्या सकाळी पाणी कोमट होतं, अंगाला अंग लागावं तसं. त्याने हात रुमालाला पुसला आणि अहवालात लिहिलं: खोली पुरेशी, मार्ग सुरक्षित.

मार्ग खरोखरच सुरक्षित होता. नाव कुठे घासत नव्हती, डुलतही नव्हती. अपघातानंतर नियम झाला होता, कडेवरचं लेकरू धरून चोवीसच माणसं घ्यायची. पहिला महिना गुणाकर स्वतः प्रत्येक फेरीला जाई आणि दोन्ही काठांवरच्या फळ्यांवर खडूने आकडा लिही.

दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, चोवीस चढले आणि तेवीस उतरले.

त्याला वाटलं, आपलीच चूक. तरी एकेकाला विचारलं, तुमचं कोणी राहिलं का? कोणाचंच नव्हतं. नावेच्या तळाशी पुरुषाच्या चपलांचा एक जोड पडला होता. तो कोणी आपला म्हटला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा तेवीस. त्या दिवशी पैलतीरावर उतरून तुळसाबाई नावाची म्हातारी झाडाखाली शिदोरी सोडून बसली होती. सहा भाकरी, दोन कांदे, भाजी दोन जागी वाढलेली. ती त्या दुसऱ्या वाट्याकडे पाहत राहिली. "मी एकटी, आन् एवढं काहून आणलं?" असं म्हणून ती स्वतःशीच हसली आणि उरलेलं कुत्र्याला घातलं.

नावाडी वसंता पिढ्यान्‌पिढ्या त्याच घाटावरचा. गुणाकरने त्याला गाठलं.

"वसंताभाऊ, तुम्ही मोजले होते?"

"हौ साहेब. चोवीसच."

"मग कोण गेलं?"

"मले बी आठवत नाही." वसंताने नदीच्या मधोमध बोट दाखवलं. "पह्यले तो ओटा आडवा होता. माणसं मेली साहेब, पण त्याहिची नावं तं राह्यली."

गुणाकरने रात्रभर हिशोबी डोक्याने विचार केला. माणूस हरवलं तर घरचं कोणीतरी रडतं, ठाण्यात जातं. इथे कोणी रडत नव्हतं. म्हणजे मोजण्यात चूक.

पण घाटावर कुजबुज पसरली आणि लोक चढेनासे झाले. वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की सरकारचा पैसा असा पाण्यात जाऊ द्यायचा नाही, उद्या बायकोपोरीला घेऊन बसा, लोक आपोआप येतील. गुणाकर नाही म्हणाला नाही. मार्ग सुरक्षित असल्याच्या कागदावर त्याचीच सही होती.

सकाळी प्रेमलता पाच महिन्यांच्या अबोलीला घेऊन नावेत बसली. साहेबांची बायको बसलेली पाहून लोकही चढले. अबोली धरून चोवीस. तिने मुठीत गुणाकरचं बोट पकडलं होतं आणि ती झोपेत ओठ हलवत होती.

मधोमध वारा कोमट झाला.

सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं, आणि एकदम पुन्हा सुरू झालं.

नाव काठाला लागली. गुणाकर आधी उतरला आणि मोजू लागला. तेवीस.

पुन्हा तेवीस.

त्याने घाईने आपली माणसं पाहिली. दोघं चढलो होतो, दोघं उतरलो. प्रेमलता समोरच उभी होती. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने फळ्यावर सरळ चोवीस लिहून टाकलं.

प्रेमलता मात्र जागची हलली नाही. डावा हात कोपरात वाकवून ती उगाच डुलत होती. तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला होत चालला होता, दोन्हीकडून, हळूहळू. पदर सारून ती नवलाने खाली पाहत होती.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मले दूध काहून येऊन राह्यलं?"