कुंभारीची विहीर

नवी पेठेतली शटरं पडली की हुसेनसाब एका दुकानाच्या पायरीवर बसतात आणि टेम्पोवरची पोरं भोवती जमतात. ही गोष्ट गेल्या पौषातल्या अमावास्येची. चन्नवीर त्या संध्याकाळी त्यांच्याच टेम्पोतून कुंभारीला उतरला होता, म्हणून ते ती शपथेवर सांगतात.

चन्नवीर चिंचोळी एमआयडीसीत पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिथं समुद्रातले जंतू काचेच्या नळीत ठेवतात. अंधारात ते निळे चमकतात. नळीत कारखान्याचं पाणी सोडायचं. पाणी विषारी असेल तर जंतू मरतात, उजेड विझतो. अशी एक नळी बर्फाच्या डब्यात घालून तो निघाला होता. त्याची बहीण श्रीदेवी कुंभारीत दिलेली, पोटुशी. गावातल्या बायका विहिरीचं पाणी पिऊन आजारी पडत होत्या आणि पंच म्हणत होते, आमचे बापजादे हेच प्याले. बापजाद्यांच्या वेळी वरच्या अंगाला कारखाना नव्हता, हे कळायला शाळा लागत नाही. पण म्हाताऱ्यांना सांगणार कोण?

विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती. चन्नवीरनं थोडं पाणी मागितलं. तिनं मुकाट्यानं ओतलं. त्यानं नळीत थेंब सोडले आणि ओंजळीच्या अंधारात बघितलं.

उजेड बारीक झाला. मग गेला.

"इझलं?" बाईनं विचारलं.

"व्हय."

"मग सांग की त्यास्नी. माझं कुणी ऐकलं न्हाय."

देवळाच्या कट्ट्यावर पंचाक्षरी अज्जा आणि बाकीचे चार म्हातारे पंच तंबाखू मळत बसले होते. चन्नवीरनं नळी दाखवली, समजावून सांगितलं. अज्जा हसला. त्याची हयात दूध डेअरीत गेलेली. तिथं धुतलेली भांडी कापसाच्या बोळ्यानं पुसायची, बोळ्याला काजव्यातलं औषध लावून यंत्रात घालायचा. भांड्यात घाण उरली असली की उजेड दिसायचा.

"उजेड म्हंजी घाण," अज्जा म्हणाला. "तुजी नळी तर काळी ठिक्कर हाय. पाणी चोख हाय की रं, साहेब."

ती तपासणी वेगळी, ही उलटी, हे सांगून सांगून चन्नवीरचा घसा बसला. म्हातारे खिदळत राहिले. अज्जानं तांब्या मागवला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्याला. त्याच्या लेखी विषय मिटला. शेवटी चन्नवीर म्हणाला, विहिरीवरच्या त्या बाईला विचारा, तिच्यासमोर विझली. कुठली बाई? त्यानं लुगडं सांगितलं, विभूती सांगितली.

अज्जानं तांब्या खाली ठेवला.

"शरणम्मा..." कुणीतरी पुटपुटलं.

शरणम्माला श्रावणातच माती दिली होती. पोट फुगून गेली. पाणी वाईट हाय, म्हणत.

चन्नवीर पळत सुटला. बहिणीचं दार. आतून कडी. हाक मारली. आवाज नाही. पुन्हा हाक...

कडी निघाली. घरात श्रीदेवी एकटीच. घागर पालथी. सगळीकडं पाणी.

"अण्णा, शरणम्मा काकू आल्ती. पिऊ नगं म्हणाली. घागर तिनंच सांडली." श्रीदेवी थांबली. "पर मी अदुगरच पेले हुते..."

इथं एक पोरगा बाळाचं विचारतो. दर वेळी कुणीतरी विचारतंच. हुसेनसाब थेट दुसऱ्या दिवसावर येतात.

सकाळी विहिरीपासून दारादारापर्यंत ओली पावलं होती. आत गेलेली. बाहेर आलेलं एकही नाही. पंचांनी काय करावं? त्याच विहिरीचं पाणी शेंदून पावलं धुऊन काढली. सगळी गेली.

श्रीदेवीच्या चुलीजवळची तेवढी दोन राहिली. पुसतात. राख टाकतात. परवा हुसेनसाबनी स्वतः हात लावून बघितला.

ओली होती.