पेशी काय विसरते?

१९७१ साली औरंगाबादच्या कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला द्वारका पवार माझ्या टेबलावर आली. हजेरीत तिचं नाव माझ्या लगेच खाली होतं, एवढंच कारण. मी पाचोडचा. शाळा मराठीत झालेली, आणि इथं सगळं इंग्रजीत.

"पेशीतलं डिफ्यूजन म्हणजे काय हो?" मी हळूच विचारलं.

"विसरण."

"पेशी काय विसरते?"

ती एवढी हसली की सर वळून बघायला लागले. "अहो, विसरण म्हणजे पसरणं!"

तिनं बीकरमधल्या पाण्यात जांभळ्या औषधाचा खडा सोडला. विहिरीत टाकतात तेच.

"ढवळू नका. नुसतं बघा."

रंग आपोआप पसरत गेला. मी रंगाकडं थोडं बघितलं, तिच्याकडं जास्त.

"प्राणवायू असाच पेशीत शिरतो," ती म्हणाली. "आत साखरेबरोबर त्याची क्रिया होते, तो खर्च होतो. आत कमी पडला म्हणून बाहेरून आणखी येतो. आत-बाहेर सारखं झालं, की येणं थांबलं."

मग दर गुरुवारी मी नवी शंका न्यायला लागलो. निम्म्या बनवलेल्या.

"पठाडे, ही शंका मागच्या गुरुवारीपण होती."

"विसरलो."

"व्हय का? विसरलात की पसरलात?"

फेब्रुवारीत एकदा तिनं माझी शंका ऐकूनच घेतली नाही. काय झालं, मी विचारलं.

"रविवारी सोयगावचे पाहुणे येणारेत. मला बघायला. मुलगा वकील आहे."

मी मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवत राहिलो.

"स्लाइड ठेवली नाही तुम्ही," ती म्हणाली.

"द्वारका... तुम्ही रविवारी हो म्हणू नका."

"का?"

"मला जमणार नाय."

"काय जमणार नाय?"

"तुमच्याबिगर."

ती वहीत रेघा मारायला लागली. कान मात्र लाल झाले होते.

"एवढं सांगायला सात महिने?" ती म्हणाली. "आता हेच तात्यांना सांगा. शनिवारच्या आत."

शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालून मी तिच्या घरी, वडलांना भेटायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत चारदा म्हणून बघितलं. कडी वाजवली. दार तिनंच उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत वळून हाक मारली,

"तात्या, ते आलेत!"

म्हणजे घरात तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पन्नास वर्षांच्या संसारानंतर ती गेली, त्याला आता वर्ष झालं. कडी वाजली, की मलाच उठावं लागतं.